शूकाकांची मान

शूकाकांना लाज वाटून घ्यायची अजिबात सवय नव्हती. दुसऱ्यांना लाज वाटायला लावणं हे त्यांचं काम होतं, आणि ते काम ते मन लावून करत. सोसायटीच्या शांतता समितीचे ते अध्यक्ष होते, चिटणीस होते आणि एकुलते एक सभासदही होते. त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर होतं, पण ते पोस्टमनशिवाय कोणी वाचत नसे. जिन्यात खिदळणारी मुलं असोत, दार धाडकन लावणारे पाहुणे असोत की दुपारी मिक्सर फिरवणाऱ्या बायका, शूकाका कुठूनसे उगवत, ओठांवर बोट ठेवत आणि म्हणत, "शूऽऽ!" त्या 'शू'मध्ये असा दरारा होता, की मिक्सरसुद्धा आपोआप बंद पडतो, असं काकू म्हणत. हे त्या कौतुकाने म्हणत नसत, एवढं फक्त लक्षात ठेवा.

काकांचा सर्वांत मोठा विजय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे ड्रमआजोबा. या आजोबांनी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात, म्हणजे इतरांच्या चुकांवर गुपचूप लाल टिकल्या मारण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभराचा आवाज एकदम काढायचं ठरवलं आणि ड्रमसेट आणला. शूकाका स्वतः उशी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. ती उशी मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबून घेतली, तेव्हाच खाली उतरले. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून 'ढम' ऐवजी 'भप' असा आवाज येई. कोणी ओली गादी आपटतंय असा. आजोबा तसेच भपभप वाजवत बसत.

तर असे हे शूकाका. पण त्यांचं एक दुखणं होतं, आणि ते सोसायटीच्या तळघरात उभं असे. राखाडी रंगाची, म्हाताऱ्या उंदरासारख्या तोंडाची त्यांची छोटी गाडी. तळघरातून रस्त्यावर यायला एक चढ होता. गाडी त्या चढावर अर्ध्यापर्यंत यायची, धापा टाकायची आणि थांबायची. मग काकू एका दारातून उतरत, लेक दुसऱ्या दारातून उतरे, आणि दोघी मागून ढकलत. लेक दहावीत होती. दहावीतल्या मुलीला शाळेच्या गणवेशात, सगळ्या सोसायटीसमोर गाडी ढकलायला लावणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने ही गोष्ट इथेच ठेवून दिली तरी चालेल.

गंमत पुढेच आहे. गाडी अडली की मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. हॉर्न वाजवला की शूकाका काच खाली करून मान बाहेर काढत आणि म्हणत, "शूऽऽ!"

"अहो, पण तुमच्यामुळेच वाजवतोय ना!" मागची दातांची डॉक्टरीण एकदा ओरडली. त्या दिवशी काका पहिल्यांदा ओशाळले. रात्री जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण पुन्हा वाढून घेतलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखतंय ना? काढून टाका." त्यांचं सगळ्याच बाबतीत हेच मत असे. वॉचमन म्हणाला, "साहेब, रिव्हर्समध्ये चढवून बघा." काकांनी बघितलं. गाडी काही चढली नाही आणि मागे वळलेली काकांची मान सरळ व्हायला दुपार झाली. ड्रमआजोबांनी बाल्कनीतून अतिशय गोड आवाजात सुचवलं, "आत एखादी उशी घालून बघा ना."

शेवटी काकूंचे भाऊ आले. त्यांना सोसायटीत सगळेच मामा म्हणत, कारण ते कोणालाही मामा बनवू शकत.

"भाऊजी, साध्या गॅरेजात कसले जाताय? मी सांगतो तिथे चला. तिथे गाड्या दुरुस्त करत नाहीत, घडवतात."

"पण मला फक्त तो चढ—"

"चढ? अहो, ती डोंगर चढेल! चला."

त्या गॅरेजात शिरतानाच काकांचा धीर सुटला. गॅरेज म्हणजे ऑइलचे डाग, फाटके टायर आणि कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं, अशी त्यांची समजूत होती. इथे दारातच बुटांवर चढवायला कापडी पिशव्या दिल्या. लादी अशी चकचकीत, की खाली बघितलं तर आपलंच बावळट तोंड वर बघतं. भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत टांगलेले, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. आणि मधोमध, गाडी उभी करायच्या जागेसमोर, एक खुर्ची. गाडीच्या मालकाची. वर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'मालकाची मान हलल्याशिवाय आमचा पाना हलणार नाही.'

"हा आमचा नियम आहे!" मागून एक दणदणीत आवाज आला. काकांच्या तोंडून सवयीने 'शू' निघणार होतं, ते त्यांनी गिळलं. आवाज गॅरेजच्या मालकीणबाईंचा होता. केसांना पंचा गुंडाळलेला, कोपरापर्यंत हात काळे, आणि आयुष्यभर चालू इंजिनाशेजारी उभं राहून बोलायची सवय. सगळे त्यांना इंजिनबाई म्हणत. "प्रत्येक टप्प्याला मालकाला बोलवणार. दाखवणार. समजावणार. मालकाने मान हलवली की पुढे. आमच्याकडे फसवाफसवी नाही."

ऐकायला किती छान नियम! जगातल्या कुठल्याही माणसाला तो उपयोगी पडला असता, शूकाका सोडून. कारण काकांचं एक गुपित होतं. काही कळलं नाही, की ते मान हलवत.

हे ते शाळेतच शिकले होते. जो विद्यार्थी बाईंकडे बघून मान हलवतो, त्याला बाई प्रश्न विचारत नाहीत. मधल्या बाकावर बसणाऱ्या कोणालाही विचारा, ही विद्या आजही तितकीच चालते. काका मान हलवत हलवत पास झाले, मान हलवत विमा कंपनीत लागले, मीटिंगांमध्ये इतकी जाणती मान हलवली की विभागप्रमुख झाले. 'मला कळलं नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. ते निघण्याआधी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटे.

इंजिनबाईंनी गाडी चालवून बघितली. डोळे किलकिले करून ऐकलं. मग म्हणाल्या, "क्लच घासलाय. तेवढाच बदलायचा, की बाळाला पूर्ण उघडायचं?"

क्लच ही डाव्या पायाखाली असणारी वस्तू आहे, यापुढे काकांचं ज्ञान जात नव्हतं. उघडायचं म्हणजे बहुधा बॉनेट उघडून बघायचं असेल. त्यांनी मान हलवली.

"पूर्ण?"

पुन्हा हलवली.

"वा!" बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर पाच काळी बोटं उमटली. "असं गिऱ्हाईक हवं! नाहीतर लोक येतात, क्लच बदला म्हणतात आणि जातात."

पुढच्या खेपेला काका गेले, तेव्हा त्यांची गाडी सतरंजीवर मांडून ठेवली होती. अक्षरशः. एकेक भाग पुसून, ओळीने. ज्या गाडीत आपण इतकी वर्षं बसत होतो तिच्या पोटात एवढं सामान होतं, हे बघून काकांना कसंसंच झालं. इंजिनबाईंनी एका मऊ फडक्यात गुंडाळलेला पिस्टन त्यांच्या हातात दिला. तान्हं मूल द्यावं तसा.

"मी स्वतः घासलाय. बोट फिरवा."

काकांनी फिरवलं. काहीतरी बोलणं भाग होतं. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. "बघा! किती जणांना दाखवते, कोणी काही म्हणून म्हणत नाही हो. तुम्हाला हातातलं काम कळतं, साहेब."

संपलं. आता तर बोलायची सोयच उरली नाही. इतका मान दिल्यावर 'बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही' असं कुठल्या तोंडाने सांगणार? बाई टर्बो म्हणाल्या, काकांनी मान हलवली. बाई खास पितळी नळ्या म्हणाल्या, हलवली. घरी काकू विचारत, "क्लचला एवढा वेळ?" तेव्हाही काका मान हलवत, पण काकू काही इंजिनबाई नव्हत्या. त्या म्हणत, "ती मान माझ्यापुढे नको. तोंडाने बोला."

"चाललंय काम," काका पुटपुटत आणि पेपरमागे जात.

मग आला सायलेन्सरचा दिवस. इंजिनबाईंनी काकांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकामागून एक तीन सायलेन्सर लावून गाडीचे तीन आवाज ऐकवले. तिन्ही आवाजांत काकांच्या पोटातला चहा हलला. एवढंच त्यांना कळलं.

"कुठला?"

आता इथे नीट लक्ष द्या. काकांच्या घरात पंखा घेताना, गादी घेताना, लेकीचं दप्तर घेताना एकच पद्धत होती. दुकानदाराने तीन वस्तू दाखवल्या की मधली घ्यायची. पहिली घेतली तर दुकानदाराला आपण कंजूष वाटतो, शेवटची घेतली तर घरच्यांना उधळे वाटतो. मधली घेतली की अब्रूने घरी येता येतं.

"मधला," काका म्हणाले.

सगळे कारागीर हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघू लागले. इंजिनबाईंनी पंचा काढून कपाळ पुसलं. "साहेब, हा मी स्वतःच्या हौसेने बनवलेला. शर्यतीच्या गाडीसाठी. आजवर कोणाची छाती झाली नाही."

वाक्य संपायच्या आत काकांची मान हललेली होती.

इंजिनबाईंची सेवा मात्र अशी, की पंचतारांकित हॉटेलाने लाजावं. नवा सायलेन्सर लागताच त्यांनी त्याचा आवाज रेकॉर्ड करून काकांना पाठवला. लेक तर आनंदाने वेडीच झाली. तिने तो आवाज बाबांच्या फोनवर इंजिनबाईंसाठी रिंगटोन म्हणून लावून टाकला आणि क्लासला जायच्या गडबडीत बाबांना सांगायचं विसरली. दुसऱ्या दिवशी काकांच्या ऑफिसात वारलेल्या जुन्या साहेबांसाठी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते. जुन्या साहेबांच्या पत्नीही आल्या होत्या. नेमका तेव्हाच इंजिनबाईंनी सीटकव्हरचा रंग विचारायला फोन केला.

तो आवाज ऐकून दोघांनी टेबलाखाली आसरा घेतला. काकांना स्वतःच्या खिशात काय फुटलंय हेच कळेना. फोन काढताना तो हातातून निसटून खुर्च्यांखाली घसरत गेला आणि तिथून डरकाळ्या फोडत राहिला. काका गुडघ्यांवर रांगत, लोकांच्या पायांमधून, "शू! शू!" करत त्याच्या मागे. अखेर तो जुन्या साहेबांच्या पत्नीच्या पायाशी सापडला. काकांनी तिथूनच वर बघितलं. त्या नुसत्या बघत होत्या. ती नजर पुढे कितीतरी दिवस काकांच्या ताटात, आरशात, उशीवर येऊन बसत असे.

गाडी मिळाली त्या दिवशी इंजिनबाईंनी तिच्यावर पांढरं कापड घातलं होतं. कापड ओढलं, सगळ्या कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. राखाडी उंदीर तोच होता, पण आता तो मांजराला खाऊन आल्यासारखा दिसत होता. काकांनी किल्ली फिरवली. त्यानंतर काय झालं ते त्यांना सलग आठवत नाही. रस्त्याने माणसं भिंतीला चिकटली, एक पाव विकणारा सायकलवरून उतरून उभा राहिला, आणि शूकाका दोन्ही खांदे कानांपर्यंत ओढून, तोंड स्टिअरिंगमागे लपवून, घराकडे निघाले.

तळघरात तर कहर झाला. बंद जागेत तो आवाज इतका घुमला, की उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म एकदम सुरू झाले. टींटीं, पोंपों, कुईकुई. वर सगळ्या बाल्कन्या भरल्या. काका जिन्याने गुपचूप वर जायला निघाले, तर पहिल्या वळणावर ड्रमआजोबा उभे. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ," आजोबा म्हणाले.

शांतता समितीच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी खडूने एका गाडीचं चित्र काढलं. गाडीला मिशा होत्या. काकांच्या मिशा. काकांनी ते पुसलं नाही. आपला तो हक्क राहिला नाही, असं त्यांना वाटलं.

पण ऑफिसला तर जायलाच हवं. मग काकांनी एक उपाय काढला, आणि आता जे सांगायचंय ते सांगताना हसावं की रडावं कळत नाही. रोज सकाळी गाडी सुरूच करायची नाही. ती तळघरातून ढकलत वर आणायची, तशीच ढकलत कोपऱ्यापलीकडच्या मोकळ्या रस्त्यापर्यंत न्यायची आणि मग सुरू करायची! पूर्वी गाडी चढत नव्हती म्हणून काकू आणि लेक ढकलत. आता गाडी एका उडीत चढते, म्हणून ढकलत.

"बाबा, मी शाळेतून नाव काढून घेते," लेक गाडीच्या डिक्कीला खांदा लावून म्हणाली. "दुसऱ्या शाळेत जाते. दुसऱ्या गावात."

"परत नेऊन द्या त्या बाईंकडे," काकू धापा टाकत म्हणाल्या. "सांगा, नकोय म्हणून."

"काय सांगू? तिने जीव ओतलाय गं त्यात. आणि मीच तर—" काका थांबले.

"तुम्हीच तर काय?"

काकांनी मान हलवली.

अशाच एका सकाळी मदतीला येणारा वॉचमन सुट्टीवर होता. चढाच्या बरोबर मध्यावर, जिथे गाडी वर्षानुवर्षं अडायची त्याच जागी, ती अडली. मागे डॉक्टरीणबाईंची गाडी, तिच्यामागे आणखी दोन. हॉर्न सुरू झाले. बाल्कन्या भरल्या. आणि फाटकातून, केसांना स्वच्छ पंचा गुंडाळून, हातात पेढ्यांच्या खोक्याएवढी हत्यारांची पेटी घेऊन, इंजिनबाई आत आल्या. दिलेल्या गाडीची तब्येत महिन्याने घरी येऊन बघायची, ही त्यांची रीत होती.

त्या चढाच्या तोंडाशी थबकल्या. काकू ढकलताहेत. लेक ढकलतेय. काका एका हाताने स्टिअरिंग धरून, खांद्याने दार रेटताहेत. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"बंद पडली?" त्यांच्या आवाजातला दणका कुठे गेला कोण जाणे. "माझ्या हातची गाडी बंद पडली?"

"पडणारच!" मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसता आवाज, दुसरं काय!"

"फसवलं हो बिचाऱ्यांना," वरून कोणीतरी म्हणालं. "असली गॅरेजं म्हणजे सगळा देखावा!"

काकांनी घाईने हँडब्रेक ओढला. इंजिनबाई खाली बसल्या आणि गाडीखाली डोकावू लागल्या. "कुठे चुकले मी? साहेब, मी तुम्हाला तोंड कसं दाखवू? मी सगळं पुन्हा करून देते. सगळं."

किती सोपं होतं! काकांनी फक्त गप्प राहायचं होतं. सोसायटी त्यांना 'बिचारे' म्हणत होती. मिशांचं चित्र, ती 'शू', सगळं धुऊन निघालं असतं. हलवायचीच तर एकदा मान हलवायची, त्यात तर ते तरबेज होते. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल, मग टक्कल. त्यांनी गाडीखाली वाकलेल्या बाईंच्या पंच्याकडे बघितलं.

"गाडी उत्तम आहे," ते म्हणाले.

"मोठ्यांदा बोला!" वरून आवाज आला. हे वाक्य काकांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

"गाडी उत्तम आहे!" काका खरंच ओरडले. "बाईंनी काही चूक केली नाही! मला... मला काहीच कळलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून. क्लच म्हणजे काय ते आजही माहीत नाही. मी नुसती मान हलवत होतो. मला फक्त हा चढ चढायचा होता."

हॉर्न थांबले. सोसायटीत इतकी शांतता शांतता समितीच्या साऱ्या कारकिर्दीत झाली नव्हती.

इंजिनबाई हळूहळू उठल्या. "आणि तो पिस्टन? गुळगुळीत म्हणालात ते?"

"तो गुळगुळीत होता हो," काका रडवेल्या आवाजात म्हणाले. "तेवढं खरं होतं."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. सगळ्यांना वाटलं, आता पाना उडणार. "अहो, मग नियम कशाला लिहिलाय भिंतीवर? एवढी माणसं ठेवलीत, सतरंजी अंथरते, समजावते, ते काय माझी करमणूक म्हणून? एकदा म्हणायचं होतं ना, बाई, पुन्हा सांगा!" मग त्यांनी नाक ओढलं आणि आवाज जरा खाली आणला. "होईल शांत. सायलेन्सर बदलायचा, मागे एक जादा डबा बसवायचा, टर्बोचा दाब कमी करायचा. मात्र दाब कमी केला की इंधनाचं माप पुन्हा जुळवावं लागेल. कळलं?"

काकांची हनुवटी खाली जाऊ लागली. काकूंनी श्वास रोखला. लेकीने डिक्कीमागून डोळे वटारले. हनुवटी अर्ध्यावर थांबली, थोडी लटपटली.

"नाही कळलं," शूकाका म्हणाले.

जमीन काही दुभंगली नाही. इंजिनबाई तिथेच चढावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "बसा. खडू आणा कोणीतरी." फळ्याखालचा, मिशा काढणारा खडू आला. त्यांनी चढावरच गाडीचं पोट काढून दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई दवाखान्याला उशीर झाला म्हणत उतरल्या आणि दात काढण्याइतक्या एकाग्रतेने बघत उभ्या राहिल्या. काकांनी दोनदा "पुन्हा सांगा" म्हटलं. दुसऱ्यांदा तर न लाजता.

तेवढ्यात जिन्यातून ड्रमआजोबा उतरले. त्यांच्या काखेत उशी होती. तीच.

"सायलेन्सरमध्ये घालायला आणली," ते म्हणाले. "आमच्याकडे चांगली उपयोगी पडली."

"जळेल ती, आजोबा," इंजिनबाई म्हणाल्या.

"असं होय." आजोबांनी उशी झटकली आणि काकांकडे बघितलं. या वेळी आवाज गोड नव्हता, साधाच होता. "मग? पुन्हा ड्रममध्ये घालू?"

काका खाली बघत बसले. खडूच्या रेघांवर त्यांचं बोट फिरत राहिलं. मग त्यांनी मान हलवली, आणि सगळ्यांनी बघितलं, काकूंनी तर डोळे पुसून पुन्हा बघितलं: ती मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, चक्क आडवी हलली.

आजोबा उशी तिथेच चढावर टाकून, एकेक पायरी गाळत वर गेले. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

ढम!

काकांचं बोट सवयीने ओठांपर्यंत गेलं. तिथून ते त्यांनी हळूच वळवलं आणि मिशी खाजवली.